आखाडातले वैद्य

कोल्हापुरात राहून लोकांना पथ्य सांगायचं, हा पोटापाण्याचा उद्योग म्हणून कुणी निवडू नये. आमच्या ह्यांनी निवडला. वर पहाटेचा योगवर्गही अंगावर घेतला. म्हणजे उजाडायच्या आत लोकांना वाकवायचं आणि उजाडल्यावर त्यांचं खाणं बंद करायचं. असा माणूस या गावात इतकी वर्षं टिकून आहे, याचं श्रेय मी त्यांच्या विद्येला देत नाही, गावाला देते. कोल्हापूरकर वैद्याचं सगळं मान खाली घालून ऐकतो, ‘तुमचं बरोबर हाय’ म्हणतो, पाया पडतो आणि संध्याकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहतो. आम्ही घरी मटण खात नाही. गावाच्या मते ह्यांना असलेला हा एकमेव आजार.

माझं माहेर सांगलीचं. लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली, “वैद्याच्या घरी पडतेस, जन्मात आजारी पडायची नाहीस.” मावशीचं खरं ठरलं. वैद्याच्या बायकोला आजारी पडायला सवडच नसते. पाटीवर ह्यांचं नाव, त्याखाली बी.ए.एम.एस., त्याखाली योगाची पदविका. काढे उकळणं, चूर्णं चाळणं, पुड्या बांधणं आणि हे दुपारी आडवे झाले की फोनवर ‘वैद्य ध्यानाला बसलेत’ असं सांगणं, हे खातं माझ्याकडे. त्याची पाटी नाही.

लोकांना नाडीचं भारी वेड. दवाखान्यात आलेला माणूस बोलतच नाही. खुर्चीवर बसतो, हात पुढे करतो आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

“काय होतंय?”

“तुम्हीच सांगा की.”

ग्रंथात रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन प्रकारे करायला सांगितली आहे. पण प्रश्न विचारला की वैद्याची किंमत उतरते. विचारून तर कुणीही सांगेल! मग हे डोळे मिटतात, मनगटावर तीन बोटं ठेवतात, बराच वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, “काल जेवण उशिरा झालं. तिखटही झालं. झोप नीट लागलेली नाही.” समोरचा थक्क होतो, बायकोकडे वळून ‘बघ’ म्हणतो. कोल्हापुरात कुणालाही हे सांगता येतं. मी तर फोनवरून सांगते.

दवाखान्याबाहेर अवस्था आणखी वाईट. लग्नाच्या पंगतीत ह्यांनी पहिला घास उचलला की शेजारचे गृहस्थ जीभ बाहेर काढतात. “जरा बघा वो, पांढरी दिसती का?” समोर जिलबी, शेजारी जीभ. मसालेभाताला येईपर्यंत पलीकडच्या काकूंचा गुडघा निघतो, वाढपी वरण वाढता वाढता आपल्या मूळव्याधीची हकीकत सुरू करतो. आणि ज्याला काहीच झालेलं नाही तो ह्यांच्या पानात बघत बसतो. वैद्यांनी दुसरी जिलबी घेतली, ही बातमी आम्ही घरी पोचायच्या आत गल्लीत पोचलेली असते.

एका बाबतीत मात्र मी ह्यांना मानते. छातीत दुखतंय, डावा हात भरून आलाय, असं कुणी म्हणालं की हे नाडी धरत बसत नाहीत. रिक्षा बोलावतात आणि मोठ्या हॉस्पिटलात पिटाळतात. त्यावर रोगी चिडतो, “लांबनं तुमच्यावर विश्वास ठेवून आलो, एखादा काढा तरी द्या!” हे म्हणतात, “ईसीजी काढून या, मग काढ्याचं बघू.” योगवर्गाला चार दिवस येऊन पाचव्या दिवशी आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करणारे असतात. त्यांच्यावर ह्यांचा जो आवाज चढतो तो तालमीच्या मैदानापर्यंत जावा. मग ती मंडळी बाहेर येऊन मला विचारतात, “वैनी, योग करून पण राग येतो व्हय?”

आता आखाड. आषाढाला आमच्याकडे आखाड म्हणतात आणि त्याचं धोरण साधं आहे. पुढे श्रावण पाळायचा असतो, म्हणून त्याची भरपाई आगाऊ करून घ्यायची. त्र्यंबोलीच्या यात्रेपासून ते गल्लीतल्या जेवणावळींपर्यंत घराघरांत तांबडा आणि पांढरा रस्सा शिजत असतो. आयुर्वेदाचं म्हणणं असं की पावसाळ्यात माणसाचा जठराग्नी मंद असतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे भूक जेव्हा सगळ्यांत कमी, तेव्हा कोल्हापूर सगळ्यांत जास्त जेवतं. शास्त्रकारांनी हा महिना पाहिला नसावा.

त्या महिन्यात आमच्याकडे हिंग्वाष्टक चूर्ण पोत्यानं जातं म्हटलं तरी चालेल. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग अशी आठ द्रव्यं. तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यायचं, पचन सुधारतं. हे ऐकून आमचे रोगी ते जेवायला जाताना खिशात घालून नेतात, पहिल्या घासाला घेतात आणि त्या बळावर आणखी दोन वाट्या रस्सा ओढतात. वर येऊन सांगतात, “वैद्य, औषध एक नंबर. काय खाल्लो म्हणून सांगू!”

राजारामपुरीतले एक ठेकेदार आहेत. गुडघे धरलेत, पोट सुटलंय. ह्यांनी मटण बंद करायला सांगितलं. आठवडाभरानं ठेकेदार आले ते कागद घेऊनच. कुठल्याशा शिकलेल्या भाच्याकडून त्यांनी लिहून आणलं होतं.

“वैद्य, चरक मोठा का तुम्ही मोठे?”

“चरक.”

“मग चरकानं मांसरस पौष्टिक म्हणून सांगितलाय, हे खरं का खोटं?”

हे गप्प. कारण खरंच सांगितलाय. चरकसंहितेत मांसरसाची स्तुती आहे, अशक्त माणसाला उभं करायला त्यासारखं दुसरं नाही अशा थाटाची. ह्यांनी खोटं बोलायचं म्हटलं तरी ते ह्यांना जमत नाही. शेवटी म्हणाले, “ते हाडाची काडं झालेल्या माणसाला सांगितलंय हो. तुमचं वजन किती?”

“१०४.”

“मग?”

“आतनं अशक्तपणा हाय.”

खटला तिथंच निकाली निघाला. पांढरा रस्सा आठवड्यातून एकदा, तोही वाटीभर, खोबरं कमी घालून, असं ठरलं. ठेकेदार समाधानानं गेले. आता गावभर सांगतात की वैद्यांनी आपल्याला रस्सा औषध म्हणून लिहून दिलाय. त्या आखाडात आमच्याकडे आलेल्या निम्म्या लोकांना आतून अशक्तपणा होता.

योगवर्गाची गोष्ट वेगळी. तिथं खायला नसतं, त्यामुळे येणारेच कमी. पतंजलींनी आपल्या ग्रंथात आसनाबद्दल जेमतेम तीन सूत्रं लिहिली. नंतरच्या घेरंडसंहितेत हिशेब असा की आसनं ८४ लाख, त्यांतली ८४ उत्तम आणि त्यांतलीही ३२ माणसाच्या कामाची. आमच्या रंकाळ्याजवळच्या वर्गात ही गाळणी आणखी पुढं गेली आणि एकाच आसनावर येऊन थांबली, शवासन. त्याची लोक वाट बघत असतात. ‘शरीर सैल सोडा’ म्हणायचा अवकाश, मागच्या रांगेतून घोरणं सुरू. तालमीतला एक पैलवान पाठदुखीसाठी यायचा. जोर-बैठका शेकड्यानं मारणारा तो गडी डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा. “वैद्य, कुणीतरी समोर पाहिजे वो. एकट्यानं कुणाशी झुंजायचं?” या प्रश्नाचं उत्तर हे अजून शोधताहेत. मला तरी तो पैलवान वर्गातला सगळ्यांत खोल विचार करणारा वाटला.

ह्यांचं योगाचं शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधामातलं. स्वामी कुवलयानंदांनी ती संस्था १९२४ साली काढली आणि योगाला प्रयोगशाळेत नेलं, क्ष-किरणाखाली धरलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. माहिती फार मोलाची आहे, मला तोंडपाठ आहे. कारण घरी पाहुणा आला की हे ती सांगतात. पाहुण्यानं चुकून ‘असं व्हय?’ म्हटलं, की हे सदरा वर करून पोटाचे स्नायू डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवतात. माझ्या भाच्याला बघायला आलेल्या मंडळींसमोर हे झालं. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. लग्न जमलं, पण त्यात नौलीचा वाटा नाही.

काढ्याचं प्रमाण शार्ङ्गधरानं घालून दिलंय. औषधाच्या १६ पट पाणी आणि आटवून आठवा भाग ठेवायचं. शार्ङ्गधराच्या घरी सरपण होतं. माझ्याकडे सिलिंडर आहे. रोग्यांनाही घरी करायला सांगितलं तर ते अर्ध्यावरच गॅस बंद करतात, एकानं मायक्रोवेव्हचं विचारलं. शतधौत घृत म्हणजे तर शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, गार पाणी घालून फेसायचं, पाणी काढायचं, पुन्हा घालायचं. शेवटी ते लोण्याहून मऊ आणि पांढरंशुभ्र होतं, भाजल्यावर, कोरड्या कातडीवर लावतात. ग्रंथकारानं ‘शंभर वेळा धुवावे’ एवढं एका झटक्यात लिहून टाकलं. कुणी धुवावे ते लिहिलं नाही. मी मालिका बघत धुते. कितवं धुणं चाललंय हे मालिकेतल्या सासूनं थोबाडीत मारली की विसरते, मग मागून मोजते. कमी झालेलं चालत नाही, जास्त झालेलं चालतं. आणि एवढं करून नणंदेनं ते लेकीच्या लग्नाआधी फेस क्रीम म्हणून डबाभर नेलं.

सगळ्यांत सोपं सितोपलादि. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. खोकल्यावर मधातून देतात. निम्म्याहून जास्त साखरच असल्यामुळे गल्लीतल्या पोरांना आमचं औषध फार मानवतं. पोरं दारात येऊन एकदाच खोकतात आणि हात पुढे करतात.

ह्यांना स्वतःला सर्दी झाली की घराला सुतक येतं. पडदे ओढायचे. वर्गाला ‘वैद्य मौनात आहेत’ असा निरोप. एरवी हे पहाटे जलनेती करतात, एका नाकपुडीतून कोमट मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढतात. घरी आलेल्या एका आत्याबाईंनी नेतीच्या त्या नळीच्या भांड्यातून सगळ्यांना चहा वाढला होता. चहा खारट कसा, यावर मी अजून तोंड उघडलेलं नाही. पण नेतीवाल्यालाही सर्दी होते, कारण तो माणूस आहे आणि कोल्हापूरचा पाऊस पाऊस आहे. हे लोकांना पटत नाही. शिंकताना दिसलेल्या वैद्याकडे पुढचे पंधरा दिवस कुणी खोकला घेऊन येत नाही.

२१ जूनला मात्र ह्यांची चंगळ. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये योग दिवसाचा ठराव केला आणि २०१५ पासून त्या एका सकाळी ह्यांना शाळा, कॉलेज, बँक, कारखाना, सगळीकडून बोलावणं येऊ लागलं. नेमका तेव्हाच मृगाचा पाऊस जोरात. ओल्या सतरंज्या, व्यासपीठावर पुढारी, फोटोवाला येईपर्यंत ताडासनात उभे. २२ तारखेला वर्गात पुन्हा तीच नेहमीची माणसं, त्यांतली निम्मी शवासनासाठी. आणि दारात आखाड.

तर मंडळी, ह्यांच्या विद्येबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती त्यांची ते बघतील. पण काढ्याच्या बाटल्या आणि तुपाच्या बरण्या माझ्या आहेत. औषध संपलं की लोक बरे होतात, बरे झाले की इकडे फिरकत नाहीत, आणि माझ्या बरण्यांत त्यांच्या घरी लोणचं जातं. मागच्या खेपेला ठेकेदारांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तर माझ्या झाकणाच्या बरणीत कांदा-लसूण मसाला. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आखाड संपायच्या आत आणून द्याव्यात. धुतल्या नसल्या तरी चालेल, धुण्याची मला सवय आहे.