शास्त्र आणि चहा

कार्तिकातल्या पहाटे पंचगंगेत उतरलेल्या माणसाला भटजी कोणता मंत्र म्हणताहेत हे कळणं अवघडच. दात वाजत असतात. 1899 साली कोल्हापूरचे शाहू महाराज असेच स्नानाला गेले होते. भटजी क्षत्रियांसाठीचे वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणताहेत हे ओळखलं ते सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी. भटजींनी स्वतः आंघोळसुद्धा केली नव्हती. शूद्रापुढे म्हणायच्या मंत्रांना ती लागत नाही म्हणे! म्हणजे यजमान गारठलेला आणि पुरोहित कोरडा ठणठणीत. शास्त्राची सोय बहुधा सांगणाऱ्याच्याच बाजूची असते.

गंमत अशी की, ज्यांच्या वारशाची ही कोल्हापूरची गादी, त्या शिवाजी महाराजांनाही ‘तुम्ही क्षत्रिय नव्हे’ हेच ऐकावं लागलं होतं. तरीही 6 जून 1674 रोजी रायगडावर गागाभट्टांनी वैदिक राज्याभिषेक केला आणि सप्टेंबरात निश्चलपुरींनी तांत्रिक पद्धतीने पुन्हा एक. ज्या नावावर अख्खा महाराष्ट्र आपली ओळख सांगतो, त्याच्या घराण्याची ओळख पोथीला सव्वादोनशे वर्षांनीही पटेना. पोथी तशी चिवटच.

शाहू महाराज काही नास्तिक नव्हते. भांडण देवाशी नव्हतं, देवाच्या कारकुनांशी होतं. दरबारचे पुरोहित राजोपाध्ये वेदोक्ताला तयार होईनात, तेव्हा त्यांची इनामं गेली. 1920 मध्ये तर महाराजांनी आपल्याच जातीच्या धर्मगुरूचं, क्षात्रजगद्गुरूंचं पीठच उभं केलं. मधला दलालच नको म्हणणाऱ्या सत्यशोधक चळवळीतल्या काहींनी यावर नाक मुरडलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटतं. दलाल आपल्या जातीचा असला म्हणून दलाली थोडीच कमी होते?

पण महाराजांचा खरा संशयवाद पीठात नव्हताच. तो 26 जुलै 1902 च्या हुकमात होता: संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना. तेव्हा स्वारी विलायतेत होती, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी; तिथे वेदोक्त की पुराणोक्त हा घोळ नव्हता. आणि तो संशयवाद गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातही होता. पागेतल्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या अस्पृश्य गंगारामला महाराजांनी भर वस्तीत चहाचं दुकान घालायला लावलं. बाटण्याच्या भीतीने गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडीच दारात थांबू लागली. गाडीतूनच चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांच्या हातातही कप द्यायचा. हुजुरांसमोर नाही म्हणायची कुणाची छाती? त्या गरम घोटाबरोबर किती श्लोक पोटात गेले असतील! वादविवादाला पंडित लागतात. इथे दूध, साखर आणि थोडा आगाऊपणा पुरला.

कोल्हापूरकराचा स्वभाव अजून तसाच आहे. अंबाबाईला नवरात्रात रांग लावील, पण पुजारी कोण असावा यावर तावातावाने बोलेल. त्या बोलण्यातूनच 2018 मध्ये या मंदिरासाठी पगारी पुजाऱ्यांचा कायदा झाला.

प्रश्न विचारण्याची किंमतही याच गावाने पाहिली. 1988 मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ असं साधं नाव देऊन छोटंसं पुस्तक लिहिणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरेंवर 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी इथेच गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. पुस्तक मात्र अजून मिळतं, एका दुपारीत वाचून होतं. कोल्हापूरला आलात तर तांबडा-पांढरा रस्सा नंतर ओरपा. आधी ते घ्या.