साळुंकी: बिनपागडीचे बिऱ्हाड

साळुंकी हा वस्तीतला पक्षी. घनदाट रानात तिचे मन रमत नाही. जिथे माणूस, गुरे आणि उकिरडा, तिथे ती. अंग तपकिरी, डोके काळे, चोच आणि पाय पिवळेधमक. डोळ्यामागे पिवळ्या कातडीचा उघडा डाग असतो आणि त्यामुळे चेहऱ्यावर कायम कोणाला तरी जाब विचारायला निघाल्याचा भाव दिसतो. उडाली की पंखांवरचे पांढरे पट्टे चमकतात. नर आणि मादी दिसायला सारखीच, त्यामुळे जोडीतले कोण कोणाला बोलते आहे हे बघणाऱ्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

चिमणी टुणटुण उड्या मारते. साळुंकी सहसा एकेक पाऊल टाकत, मान पुढेमागे करत चालते. राहते भाडेकरूसारखी, फिरते मालकासारखी. खाण्याच्या बाबतीत तिला सोवळेओवळे ठाऊक नाही. टोळ, अळ्या, गांडुळे, वडा-पिंपळाची फळे, पांगाऱ्याचा मध आणि भेळेच्या गाडीखाली सांडलेले कुरमुरे यांत ती डावे-उजवे करत नाही. म्हैस चरत निघाली की गवतातले किडे उडतात आणि पायाशी चालणारी साळुंकी ते टिपते. म्हशीला याचे सोयरसुतक नसते.

मुख्य प्रश्न जागेचा. साळुंकीला घरासाठी आयते भोक लागते: झाडाची ढोली, भिंतीतली फट, पत्र्याखालची वळचण, दिव्याच्या खांबाची नळी किंवा वातानुकूलन यंत्रामागची सांद. त्यात काटक्या, मुळ्या, चिंध्या, कागद, प्लास्टिक आणि मिळाली तर सापाची कातसुद्धा कोंबली जाते. घरमालक एप्रिलात हे सामान काढतो. दुपारपर्यंत ते परत येते. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या या मोसमात चार ते सहा निळी अंडी घातली जातात. ती दोघेही आळीपाळीने उबवतात आणि पिल्ले साधारण साडेतीन आठवड्यांनी उडतात. पुष्कळदा त्याच मोसमात, त्याच भोकात दुसरी खेप सुरू होते. एवढ्या चाणाक्ष बाईच्या घरातही कोकिळा कधी कधी आपले अंडे ठेवून जाते, हे नमूद केले पाहिजे.

भोकावरून भांडण ठरलेले. दोन जोड्या समोरासमोर येतात, पिसे फुलवून माना खालीवर करतात, मग पायांत पाय अडकवून धुळीत लोळतात. बाकीच्या साळुंक्या भोवती जमून एकच गिल्ला करतात. मध्यस्थी कोणीच करत नाही. मात्र मांजर, मुंगूस किंवा साप दिसला की हाच घसा गल्लीच्या कामी येतो.

संध्याकाळी सगळी मंडळी एखाद्या वडावर नाहीतर रेल्वे स्थानकाबाहेरच्या झाडावर मुक्कामाला जमते. कावळे आणि पोपटही तिथेच असतात. फांदी कोणाची यावर काळोख पडेपर्यंत खडाजंगी चालते. खाली उभी केलेली गाडी सकाळी धुवावी लागते.

नातेवाईक बरेच आहेत. भांगपाडी मैना काळ्या केसांचा चापूनचोपून भांग पाडते आणि सभ्यपणे वागते. भोरडी ही हिवाळ्याची पाहुणी. मध्य आशियाकडून थव्याने येते आणि ज्वारीवर उतरते, म्हणून शेतकरी तिच्या स्वागताला गोफण घेऊन उभा असतो. पहाडी मैना छत्तीसगडचा राज्यपक्षी. माणसाची हुबेहूब नक्कल करणे तिला चांगलेच महागात पडले. आता तिला पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

परदेशी जाण्याचा मान मात्र साध्या साळुंकीने पटकावला, तोही सरकारी खर्चाने. १७६२ साली फ्रेंचांनी टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला भारतातून मॉरिशसला नेले. १८६०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि हवाई इथेही कीड खायला म्हणून तिची भरती झाली. कीड तिने खाल्ली, पण परतीचे तिकीट कोणी काढले नव्हते. हवाईत तिने घाणेरीची फळे खाऊन बिया बेटभर पसरवल्या. ऑस्ट्रेलियात स्थानिक पोपटांच्या ढोल्या बळकावल्या. तिथे तिला ‘इंडियन मैना’ म्हणतात आणि कॅनबेरात नागरिक पिंजरे लावून तिला पकडतात. सेशेल्सच्या काही छोट्या बेटांवरून तिचे समूळ उच्चाटन करावे लागले. यात दोष साळुंकीचा कमी आणि चौकशी न करता तिला नेणाऱ्यांचा अधिक.

जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची यादी २००० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पक्षी तीनच आहेत. एक साळुंकी. दुसरा आपल्याच अंगणातला लालबुड्या बुलबुल. तिसरा युरोपातला स्टार्लिंग, आणि तोही साळुंकीच्याच कुळातला.