खिळे आणि अंगठे

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेव्हा गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते. बिचाऱ्यांना सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रोमन अक्षरांत बसवाव्या लागल्या. आज बोईसरात ज्याच्या त्याच्या खिशात देवनागरी आहे. तरी आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर ‘प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो’ उमटतं ते रोमनमध्येच. तेही पहाटे पाचला, एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेल्याचा नुकता डोळा लागतो तेव्हा. खाली तळटीप: ‘अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार.’ बारा शिष्यांतला एक फुटला, तेव्हापासूनचा हा हिशेब असावा.

मिस्सेत मोबाइल उंचावणाऱ्या भाविकांना, अगदी धर्मगुरू आणि बिशपांनाही, २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी टोकलं होतं. त्या टोकण्याचा व्हिडिओ आमच्याकडे मिस्सा चालू असतानाच फिरला.

टाळेबंदीत मात्र याच मोबाइलमुळे अंथरुणाला खिळलेल्या आमच्या आजीला कित्येक वर्षांनी वेदी दिसली. (ती पडद्यालाच हात जोडायची.) तिला फॉरवर्ड करता येत नाही. ती घरातल्या एकेकाचं नाव घेत जपमाळ ओढते. ग्रुपच्या ॲडमिनसाठी एक मणी जास्त.