आडसाली वकील : फेरपरीक्षा इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका माळेगाव बुद्रुक व पंचक्रोशीतील अशा उमेदवारांसाठी आहे, ज्यांचा लॉ सीईटीचा निकाल लागलाय, पण 'किती पडले?' असं कुणी विचारलं की ज्यांची आई विषय बदलते. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. मिळेल ते कॉलेज घेऊन यंदाच पाच वर्षांच्या एलएलबीला लागायचं, नाहीतर वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची. आधी बी. ए. करून मग तीन वर्षांच्या एलएलबीला जायचं, ही तिसरी वाटही आहे. तिची आठवण घरात कुणी काढू नये. निर्णय टाळायला आयती तीन वर्षं मिळतात.

मार्क कुणाला किती सांगायचे, हे पहिल्यांदा ठरवावं. पेपर 120 प्रश्नांचा, 120 मार्कांचा, वेळ दोन तास, प्रश्न मराठीतही असतात, इथपर्यंत सगळ्यांना सांगायला हरकत नाही. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, हे मात्र तात्यांच्या कानावर जाऊ देऊ नये. "कापत न्हाईत? मग समदे का न्हाई सोडवलं?" या प्रश्नाला कुठल्याच कायद्यात उत्तर नाही. उमेदवारानं तो एकांतात स्वतःला विचारून पाहावा. वेळ पुरला नाही म्हणून पंधरा प्रश्न कोरे राहिले असतील तर ते दुखणं वेगळं, आणि सामान्य ज्ञानात तुक्के मारले असतील तर ते वेगळं. पहिल्यावर घड्याळ लावून बसणं हा उपाय आहे. दुसऱ्यावर रोज पेपर वाचणं हा आहे, आणि तो कुणालाच नको असतो.

त्यानंतर वकील मामांचा सल्ला घ्यावा. तो न मागताही मिळतो. राज्याची लॉ सीईटी आली 2016 साली आणि मामांची सनद त्याआधीची, त्यामुळे या परीक्षेवर ते अधिकारवाणीनं बोलू शकतात.

आता गावाचं मत. माळेगावात थांबण्याला कुणी नावं ठेवत नाही. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो आणि सुरूच्या उसापेक्षा जास्त टनेज देतो, हे इथलं पोरगं चौथीपासून ऐकत आलेलं असतं. त्यामुळे जास्त थांबलं की वजन वाढतं, हा सिद्धांत त्याला शिकवावा लागत नाही. विरोधी पक्ष म्हणतो, ही आडसाली नव्हे, हा खोडवा. बेट तेच, मुळं तीच, दुसऱ्या वर्षाला टनेज घटायचंच. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर दहातली आठ प्रकरणं खोडव्याचीच निघतात. पुस्तकं तीच, क्लास तोच, उठायची वेळ तीच आणि मोबाइलही तोच. आडसालीला दीड वर्ष पाणी आणि खत द्यावं लागतं, नुसतं रान अडवून कुणाचा ट्रॅक्टर काट्यावर गेलेला नाही. आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. कारखान्याच्या निवडणुकीत अख्ख्या पॅनेलसकट पडलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा अर्ज भरतो, तेव्हा त्याला 'गॅप पडला' असं कुणी म्हणत नाही.

वकिलीचा विषय निघाला की दाखले आलेच. थांबा म्हणणारे गांधीजींचा देतात : लंडन मॅट्रिकला ते लॅटिनमध्ये नापास झाले, 1890 सालीच पुन्हा बसले आणि पास झाले. दाखला खरा आहे, पण अर्धा. त्या काळात त्यांची बॅरिस्टरी थांबलेली नव्हती, ती चालूच होती आणि मॅट्रिक जोडीनं चाललं होतं. दुसरा दाखला डॉ. आंबेडकरांचा. 1916 मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातलं, 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं त्यांना परतावं लागलं आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. हाही खरा. फक्त ते थांबणं त्यांनी निवडलं नव्हतं, आणि मधल्या काळात ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. घरच्या बैठकीत हे दाखले द्यायचे तर निम्म्यावर थांबावं. पुरे सांगितले की उमेदवारावरच उलटतात.

यानंतर ऑप्शन फॉर्म. हा फॉर्म घरी बसून भरता येतो, तरी तो सेवा केंद्रातच भरायची पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या एका खुर्चीत उमेदवार, शेजारी वडील, मागं उभी आई. ऑपरेटरनं त्या सकाळी आयटीआयचे, नर्सिंगचे आणि पीक विम्याचे फॉर्म भरलेले असतात. "पयलं कंचं टाकू?" आई म्हणते, पुणे. पुणे म्हणजे 1924 चं आयएलएस, ज्याच्यामुळे लॉ कॉलेज रस्त्याला ते नाव पडलं. वडील म्हणतात, बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं वसंतराव पवार विधी महाविद्यालय आहे, संध्याकाळी पोरगं घरी येतंय. उमेदवार काहीच म्हणत नाही. ऑपरेटर स्वतःच्या विवेकबुद्धीनं क्रम लावतो आणि प्रिंट काढतो. तेवढ्यात लाईट जाते. बऱ्याच घरांत एक वर्ष थांबायचा निर्णय या अंधारात होतो.

ज्यांना मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचंय त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तिथं क्लॅट लागते. ती डिसेंबरात होते, पेपर इंग्रजीतच असतो आणि चार उत्तरं चुकली की एक मार्क जातो. म्हणजे सीईटीत जो तुक्का फुकट होता, त्याचं इथं बिल येतं. बारामतीच्या कॉलेजात नाव घालून, पहिलं वर्ष शिकता शिकता डिसेंबरात क्लॅट देऊन पाहता येते. ही सोय कुणी सुचवली तर घरात क्षणभर शांतता पसरते, कारण तिच्यात भांडायला काही उरत नाही.

तरीही थांबायचं पक्कं झालं, तर उमेदवारानं हे जाणून असावं की घरात रिकामा बसलेला भावी वकील ही सार्वजनिक मालमत्ता समजली जाते. सातबारा आणायला त्यालाच धाडतात. फेरफाराची नोंद का अडली ते तलाठ्याला त्यानंच विचारायचं. चुलत्यानं बांध कोरलाय का, हे टेप लावून त्यानंच बघायचं आणि दोन्हीकडच्या शिव्याही त्यानंच खायच्या. लॉ कॉलेजात न जाता महसूल कायद्याचं पहिलं वर्ष असं पार पडतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं की दारं धरायलाही तोच जातो. पाळी रात्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मॉक टेस्ट लावू नये.