विलंबशुल्क साहेबांस अनावृत पत्र

रा. रा. विलंबशुल्क साहेब यांस,

पोशेऱ्याच्या एका दुचाकीवाल्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याइतका वक्तशीर सरकारी पाहुणा आमच्या भागात दुसरा येत नाही. एसटी चुकते, मोबाईलची रेंज जाते, काही पाड्यांवरून आजाऱ्याला अजून झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावं लागतं. आपण मात्र हजर! गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं सरली आणि नूतनीकरण राहिलं, की दुचाकीला दरमहा ३०० रुपये, मोटारीला ५००. त्यातही महिना म्हणजे ‘महिना किंवा त्याचा भाग’. एक दिवस उलटला तरी अख्खा धरायचा.

आमची गाडी एमएच-०४. घेतली तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो; २०१४ साली आम्ही पालघरचे झालो, ती ठाण्याचीच राहिली. दुचाकीचं नूतनीकरण पूर्वी ३०० रुपयांत व्हायचं, १ एप्रिल २०२२ पासून १,००० लागतात. वर पाच वर्षांचा पर्यावरण कर. आमच्या या जंगलात पर्यावरणाला आमच्याच गाडीचा धूर सोसेना, हे खरं असेल बुवा. शिवाय तपासणीला गाडी न्यायची वसईकडे, शंभर किलोमीटर तरी. जिची मुदत संपली म्हणून रस्त्यावर आणू नये, तिच्यावरच बसून मुदत वाढवायला जायचं. वाटेत पोलीस भेटला तर तो निराळा अध्याय.

दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं घराला कडी लावून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. आम्हीही गेलो. गाडी पडवीत गोणपाटाखाली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. सहा महिने चाक फिरलं नाही, आपण मात्र १,८०० पर्यंत पोचलात. मूळ फी मागेच राहिली.

तक्रार नाही, एक शंका आहे. रोजगार हमीवर २०२५-२६ चा रोज ३१२ रुपये. म्हणजे महिन्यातला एक दिवस आपल्या नावानं माती उपसायची, तेही कबूल. पण तीच मजुरी सरकारनं थकवली तर? मनरेगाच्या नियमात भरपाई दिवसाला ०.०५ टक्के. हजार रुपयांवर महिन्याला १५. आम्ही हजार थकवले तर ३००! शिवाय हजेरीचं मस्टर बंद झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस त्यांच्या उशिरात धरतच नाहीत. तिथे ‘महिन्याचा भाग’ कुठे जातो?

आपल्या भाऊबंदांतल्या नव्या सुरक्षा नंबरपाटीचंही तसंच. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना ती बसवायची मुदत २०२५ सालात मार्चअखेर होती. मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी ती पुढे सरकत राहिली. दर सरकण्याला सरकारनं किती भरले, कळेल का?

तेव्हा विनंती एवढीच. आमच्या थकलेल्या मजुरीला आपला दर लावावा, भाग धरून अख्खा महिना मोजावा आणि जमेल त्या रकमेतून आपले १,८०० परस्पर वळते करून घ्यावेत. उरलेले खात्यात टाका. पाटीचे जीएसटीसह ५३१ अजून भरायचेत.

आपला नियमित थकबाकीदार,
मु. पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर