डाग, लिंबू आणि सोलापूरचं ऊन

सोलापुरात डाग पडायला निमित्त लागत नाही. शेंगाचटणीवर तेल सोडलं, कडक भाकरी मोडली, की एक थेंब शर्टावर बसलाच. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत, आणि पहिला विधी कोणता? 68 लिंगांना तैलाभिषेक! पांढरं कापड आणि तेल एकाच दिवशी. श्रद्धा असावी तर अशी.

मग घरोघरचे तज्ज्ञ जागे होतात. लिंबू पिळा, वर खायचा सोडा टाका. फस्स करून फेस येतो, मंडळी खूश. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना गारद करतात, आणि डाग कडेला बसून तमाशा बघतो. लिंबू सरबतात घातलं असतं तर निदान घसा तरी ओला झाला असता.

तेलाचं औषध पिठाच्या डब्यातच आहे. ज्वारीचं पीठ भुरभुरवा, तेल शोषू द्या, झटका, मग भांड्यांचा साबण लावून धुवा. हळद मात्र साबण लागताच लालभडक होते आणि घरात किंचाळी उठते. घाबरू नका. साबणातल्या अल्कलीनं हळदीचा रंग बदलतो, इतकंच. खळखळून धुवा आणि उन्हात टाका; हळदीला ऊन सोसत नाही.

इथं नळ चार-चार दिवस रुसतो, ऊन मात्र पट्टी न भरता रोज हजर. फक्त रंगीत चादर सावलीतच वाळवा. ऊन हळद आणि चादर यांत भेद करत नाही.