खासदार कुणी बदलला?

ईशान्य मुंबईत एक खासदार लागोपाठ दोनदा निवडून येत नाही. मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत कुठल्याही टपरीवर उभे राहा, निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आणि त्याला जोडून दुसरं: "आपण कुणालाच डोक्यावर बसू देत नाही."

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं एके काळी खरं होतं.

1977 आणि 1980 मध्ये जनता पक्षाचे सुब्रमण्यम स्वामी इथून सलग दोनदा लोकसभेत गेले. त्यानंतर तो योग कुणाच्याच नशिबी आला नाही. 1984 मध्ये काँग्रेसचे गुरुदास कामत, 1989 मध्ये भाजपच्या जयवंतीबेन मेहता, 1991 मध्ये पुन्हा कामत, 1996 मध्ये प्रमोद महाजन, 1998 मध्ये पुन्हा कामत, 1999 मध्ये किरीट सोमय्या, 2004 मध्ये चौथ्यांदा कामत. पुढे 2009 मध्ये राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील, 2014 मध्ये पुन्हा सोमय्या, 2019 मध्ये भाजपचेच मनोज कोटक आणि 2024 मध्ये पुन्हा संजय दिना पाटील. फरक इतकाच की या वेळी घड्याळाऐवजी हातात ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल.

या मतदारसंघाने मोठ्या नावांची भीड कधीच ठेवली नाही. 1967 मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासारखा माजी संरक्षणमंत्री इथून अपक्ष उभा होता. 1962 च्या उत्तर मुंबईतल्या गाजलेल्या लढतीत त्यांनी आचार्य कृपलानींना हरवलं होतं. पण पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारे स. गो. बर्वे समोर आले आणि मेनन पडले. बर्वे निकालानंतर थोड्याच दिवसांत गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन एकाच वर्षात, एकाच मतदारसंघात दुसऱ्यांदा हरले. महाजनांचंही तेच. 1996 मध्ये इथून निवडून जाऊन ते तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारात संरक्षणमंत्री झाले. 1998 मध्ये त्यांचा पक्ष देशात सत्तेवर आला आणि ते स्वतः मात्र इथे हरले.

हा खरा जाब होता. 1996, 1998, 1999, 2004: चारही वेळा चालू खासदार समोर उभा होता, मतदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला घरी पाठवलं. पटो न पटो, निकाल मतदाराचा होता.

आता पुढच्या चार निवडणुका बघा. 2009 मध्ये मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, कामत वायव्य मुंबईत गेले आणि तिथून जिंकले. इथे त्यांच्या पाच वर्षांवर मत देण्याची संधीच आली नाही. 2014 मध्ये संजय दिना पाटील उभे राहिले आणि हरले. तेवढा एक न्याय मतदाराने केला. 2019 मध्ये सोमय्यांना तिकीट मिळालं नाही, कारण त्यांच्या टीकेने दुखावलेली शिवसेना त्यांच्या प्रचाराला तयार नव्हती. 2024 मध्ये कोटकांना तिकीट मिळालं नाही, ते मिहिर कोटेचांना गेलं. म्हणजे चारपैकी तीन वेळा चालू खासदार मतपत्रिकेवरच नव्हता. खासदार बदलला खरा, पण तो मतदाराने बदलला नाही. पक्षाच्या बैठकीत बदलला.

आणि आपण अजून टपरीवर छाती फुगवतो आहोत.

आकडेही तेच सांगतात. 2009 मध्ये पाटील सोमय्यांपुढे फक्त 2,933 मतांनी निघाले. त्या वेळी मनसेच्या उमेदवाराने दोन लाखांच्या आसपास मतं घेतली होती. पाच वर्षांनी याच दोघांच्या लढतीत सोमय्या 3,17,122 मतांनी जिंकले. 2019 मध्ये कोटकांचं मताधिक्य 2,26,486 होतं. 2024 मध्ये ते पार पुसलं गेलं आणि पाटील 29,861 मतांनी आले. इतके मोठे झोके खासदाराच्या कामाने बसत नाहीत. कोण कुणाबरोबर गेलं, कुणाची मतं कुणी फोडली, दिल्लीत हवा कुठली होती, याने बसतात. मुलुंडची आघाडी मानखुर्द-शिवाजीनगरच्या आघाडीने पुसून काढायची, एवढंच गणित उरलं आहे. त्या गणितात खासदाराने संसदेत पाच वर्षं काय केलं याला रकानाच नाही.

20 मे 2024 ला मी भांडुपच्या एका शाळेत रांगेत उभा होतो. उकाडा मरणाचा, रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. आठवड्यापूर्वीच, 13 मे ला, घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळलं होतं, त्यात सतरा माणसं गेली, आणि रांगेत सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. माझ्यापुढे एक आजी होत्या. मतदानाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपून आणलेली. दारावर उमेदवारांची यादी चिकटवली होती, ती त्यांनी मला वाचायला लावली. सगळी नावं ऐकून घेतली आणि विचारलं, "मागच्या खेपेचो खंय गेलो रे?"

म्हटलं, "आजी, त्यांना तिकीट दिलं नाही."

"कोणी नाय दिल्यानी?"

"पक्षाने."

त्या थोडा वेळ यादीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे मी इचारू कोणाक?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कोटकांनी चांगलं काम केलं की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. ते ठरवायचा हक्क त्या आजींचा होता आणि बोटाला शाई लागण्याआधीच तो काढून घेतला गेला.

कुणी म्हणेल, खासदाराचं एवढं काय, गटार-पाणी तर महापालिकेचं. बरोबर. देवनारचं डम्पिंग 1927 पासून आहे, ते पेटतं आणि धुमसतं, त्याचा जाब नगरसेवकाला आणि आमदाराला विचारा. पण मध्य रेल्वे केंद्राची आहे. सकाळी घाटकोपरच्या पुलावर मेट्रोतून उतरणारी आणि लोकलमधून उतरणारी गर्दी एकमेकांच्या अंगावर येते, तेव्हा विचारायचं ते खासदारालाच. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरंही केंद्राच्या मालकीची. कांजूरमार्गच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड व्हायची होती. केंद्र आणि राज्याच्या भांडणात 2020 मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्याच पट्ट्यातली अडीचशे एकरांहून जास्त मिठागरं 2024 मध्ये धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी मंजूर झाली. भरतीचं पाणी जिरवणारी ही जमीन. तिच्यावर बांधकाम करायचं की नाही, याचा निर्णय दिल्लीत होतो आणि दिल्लीत आपला माणूस एकच असतो.

हे प्रश्न पाच वर्षांत सुटणारे नाहीत. दहा-पंधरा वर्षं एखाद्याने ते लावून धरावे लागतात, नाहीतर निदान मागच्याने काय केलं याचा हिशेब पुढच्याने द्यावा लागतो. आपल्याकडे नवा उमेदवार म्हणतो, ते माझ्या आधीचं. आणि जुना तर समोर नसतोच. दोघेही सुटतात.

2029 ची निवडणूक फार लांब नाही. हार घेऊन कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता दारात आला की चहा जरूर द्या, पण जाहीरनामा हातात घेण्याआधी एवढं विचारा: तुमच्या पक्षाने इथे या आधी कुणाला निवडून आणलं होतं, त्याने रेल्वेसाठी आणि मिठागरांसाठी संसदेत किती वेळा तोंड उघडलं, आणि तो आज तुमच्याबरोबर का आलेला नाही? उत्तर मिळेपर्यंत दार लावू नका.